दहा वाव पाणी

दादा, हिराजी येऊन गेला.

तू असताना आला असता तर घरात सण झाला असता. पण तू त्याला कधी ये म्हणाला नाहीस, आणि तो दरवर्षी बोलवत होता तरी तू बंदरावर गेला नाहीस. तू गेल्यावर मीच त्याला कार्ड टाकलं. तुझं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हा माणूस पौडच्या स्टँडवर उतरून विचारत विचारत दारात आला. हातात सुकटीची पिशवी, डोक्याला रुमाल. "सेक्रेटरीचा घर ह्योच ना?" म्हणाला. आईनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तरी ती जागची न उठता म्हणाली, "हिराजी हाय का? ये बाबा. लई उशीर केलास." आणि तो एवढा थोराड, समुद्रावर होडी हाकणारा तांडेल, उंबऱ्यातच बसून रडायला लागला.

तुझ्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. खत-बियाण्यांच्या दुकानात तू कधी वजनात मारलं नाहीस, कुणाला टाकून बोलला नाहीस, माणूस कसा शांत होता, असं सगळं. मी बायकांत मागे बसून ऐकत होते आणि मला राग येत होता. शांत? तू शांत नव्हतास दादा. तू गप्प होतास. शांत माणूस जेवताना ताटात बघतो, तू भिंतीकडे बघायचास. त्या लोकांना बंदरावरचा दादा ठाऊकच नव्हता, त्यांचा काय दोष.

मला तो ठाऊक होता, आणि त्याच्याही आधीचा ठाऊक होता. वडील धरणाच्या या काठावरून त्या काठाला होडीनं माणसं सोडायचे, तेव्हा आपण दोघं मागच्या फळीवर बसायचो. तुझ्याकडे एक दोर होता, टोकाला दगड बांधलेला. तो पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की वर ओढायचा आणि हात पसरून मोजायचं. दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. मी मोजलं की पाणी नेहमी जास्त भरायचं. तू चिडायचास, "सुमे, पानी तेवढंच हाय, तुझे हात तोकडे हायेत." कुठल्या झाडाच्या समोर किती वाव, कुठल्या खडकापाशी किती, तुझं सगळं पाठ. पावसात धरण भरायचं, वैशाखात उतरायचं, तेव्हा आजोबांच्या वेळच्या शेतांचे बांध उघडे पडायचे आणि आपण त्यांच्यावर उड्या मारायचो. बाकी वर्षभर ते पाणी आपल्या जागी असायचं. घरातल्या माणसासारखं.

मग तू शिकलास, पौडच्या सोसायटीत लागलास, पुण्याला जाऊन सहकाराचा कोर्स केलास आणि एक दिवस आईला सांगितलंस की कोकणात मच्छीमारांच्या सोसायटीत सेक्रेटरीची नोकरी मिळालीय. आईनं कपाळाला हात लावला. "डोंगर उतरला की कोकण, लांब कुटं हाय," असं तू तिला समजावलंस. लांब नव्हतंच. फक्त एस.टी. आधी उलट्या दिशेनं पुण्याला न्यायची, तिथं गाडी बदलायची आणि मग सगळ्या घाटांना वळसा घालून दिवस मावळताना तू बंदरावर पोचायचास. डोंगरापलीकडच्या घरी जायला एवढी प्रदक्षिणा, असं म्हणून मी तुला चिडवायची.

सुट्टीवर आलास की तुझं तोंड थांबायचं नाही. आई भाकरी थापायची आणि तू चुलीसमोर बसून समुद्र सांगायचास. लहान होड्या म्हणजे मचवे, त्यांचं जाळं म्हणजे डोल. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं आणि पाण्याच्या ओढीनं मासा आपणहून आत येतो. खुंटाची जागा घराण्याची. बापाची मुलाकडे येते, आपल्याकडे शेत येतं तशी. ते जाळंही विकत आणायचं नाही, पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा अख्खं घर मिळून विणतं. आणि दुसरीकडे ट्रॉलर. इंजिनाची मोठी बोट, जाळं तळावरून ओढत नेणारी. कोळंबी किनाऱ्याजवळ असते म्हणून ट्रॉलर आत येणार, आणि तो आत आला की वाटेतल्या डोली घेऊन जाणार.

मी लगेच निकाल द्यायची. म्हटलं, मग ट्रॉलर बंद करा. मास्तरीण ना मी, मला फळ्यावरचं गणित सुटल्यासारखं वाटायचं. तू हसायचास. "सुमे, हिराजीचा मचवा हाय आणि त्याचा सख्खा भाऊ परशा ट्रॉलरवर तांडेल हाय. दोघं एका चुलीवर जेवतात. कुणाची चूल बंद करू?" आपलं हे भांडण कधी मिटलं नाही. मी अजून म्हणेन की ट्रॉलरवाल्यांना तू फार सांभाळून घेतलंस. तू असतास तर आत्ता मान हलवून म्हणाला असतास, न्हाई सुमे, तुला कळत न्हाई.

तू सांभाळलंस मात्र दोघांनाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं. एका नारळी पौर्णिमेला मी बंदरावर आले होते. बर्फाच्या शेडमध्ये बैठक होती. एका बाजूला मचव्याचे लोक, एका बाजूला ट्रॉलरचे, आणि बायका दारात, कारण त्यांचे नवरे एकीकडे आणि दीर दुसरीकडे. मागच्या हंगामात मारामाऱ्या झाल्या होत्या, एकाचा हात मोडला होता. तू मध्ये उभा राहिलास. आपला दादा, ज्याला शाळेत चार ओळींचं भाषण जमत नव्हतं. तू म्हणालास, समुद्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. दहा वाव पाण्याच्या आत ट्रॉलरनं जाळं टाकायचं नाही, आणि दहा वावांच्या बाहेर मचव्यानं खुंट ठोकायचा नाही. ज्याचं त्याचं पाणी ज्याला त्याला.

शेडमध्ये आधी कुजबुज, मग गलका. शेवटी हिराजी उठला, परशा उठला. मध्ये नारळ ठेवला आणि एकेका तांडेलानं येऊन त्याच्यावर हात ठेवला. तू एका बाजूला झालास. वडलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आपल्या घरात नारळ नाही, नवस नाही, आणि ते तू तिथं लपवलं नव्हतंस. कुणीतरी तुझ्याकडे बघितलं. तेव्हा हिराजीच म्हणाला, "सेक्रेटरीनं हात लावाचा काम नाय. त्याचा शब्द हाच त्याचा नारल." माझे डोळे भरून आले. मी तुला ते कधी सांगितलं नाही. बहिणी भावांची टिंगल करतात, अभिमान वाटला असं सांगत बसत नाहीत. आज सांगते. त्या शेडमध्ये मासळीच्या वासात उभी राहून मला वाटलं होतं की वडील असायला हवे होते.

नारळावरचा शब्द पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत चालतो, हे मला तिथल्या बायकांनी सांगितलं. मध्येच मोडायचा नाही आणि मध्येच बदलायचाही नाही. बदललेला शब्द म्हणजे मोडलेलाच, असं त्यांचं म्हणणं. मला ते फार आवडलं होतं.

पुढचं मला तुझ्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं आणि बाकीचं हिराजीनं परवा सांगितलं. हंगाम सुरू झाला. एका भरतीला परशाचा ट्रॉलर हिराजीच्या खुंटांवरून गेला आणि पावसाळाभर विणलेलं जाळं त्याच्या जाळ्याबरोबर फाटून गेलं. धक्क्यावर सगळं गाव जमलं. हिराजीनं भावाला एवढंच विचारलं, "परशा, मोजलंस?" परशा म्हणाला, "दोराला शिसा बांधूनश्यान मोजलाय. दहा व्हती." तो खोटं बोलत नव्हता. भरती होती. भरतीला तिथं दहा वावच पाणी असतं. ओहोटीला आठ.

त्या शेडमध्ये मचव्याच्या लोकांनी दहा वाव ऐकलं ते ओहोटीचं, कारण खुंट ठोकणारा माणूस नेहमी ओहोटीचंच पाणी मोजतो. ट्रॉलरच्या लोकांनी ऐकलं ते भरतीचं, कारण ते भरतीवर आत येतात. कुणी विचारलं नाही. आणि सांगणाऱ्यानं, म्हणजे तू, सांगितलं नाही. दोन्ही ओळींच्या मध्ये समुद्राचा एक मोठा पट्टा राहिला, आणि त्या हंगामात एकेक करून कितीतरी घरांच्या डोली त्या पट्ट्यात गेल्या. शब्द मात्र कुणीच मोडला नव्हता.

पोरं रॉकेल घेऊन ट्रॉलर जाळायला निघाली तेव्हा हिराजी धक्क्यावर आडवा झाला. "नारलावर हात ठेवलाय. पुनवेपर्यंत कोनी हात लावाचा नाय," म्हणाला. जाळं त्याचं गेलं होतं आणि आवरत तोच होता. तू तिथंच उभा होतास. तुझ्या चुकीवर त्यानं शब्द पाळला, हे तुला सोसलं नाही. तू म्हणालास मी चुकलो, ओहोटीचं धरायला हवं होतं. ट्रॉलरवाले म्हणाले, आता पौर्णिमेला बघू. त्यांचंही खरं होतं. हिराजी त्या हंगामात भावाच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला, आणि हंगाम संपायच्या आत तू राजीनामा देऊन घरी आलास.

मी तुला एकदाच विचारलं होतं. म्हटलं, दादा, एवढी वर्षं तिथं राहिलास, भरती-ओहोटीच्या वेळा तुला तोंडपाठ होत्या, मग तुझ्या लक्षात आलं नाही असं कसं झालं? मला खरंच कळत नव्हतं. तू म्हणालास, "न्हाई आलं ध्यानात." आणि उठून गेलास. त्यानंतर तू मासा खाल्ला नाहीस. आई धरणातली मरळ आणायची, कालवण करायची, वास घरभर, आणि तू ठेचा-भाकरी खाऊन उठायचास. आई मला डोळ्यांनी खुणावायची. पुढे मासेमारीच्या कायद्याची बातमी पेपरात आली तेव्हा तू ती दुकानात उभ्याउभ्या वाचलीस, मग घरी आणून परत वाचलीस. भरतीचं की ओहोटीचं, ते शोधत होतास. मला कळलं होतं.

हिराजीचं बोलावणं दर श्रावणात यायचं. मी म्हणायची, जा ना एकदा. तू म्हणायचास, "ते रीत म्हणून बोलवतात. गेलो तर त्यांनाच अवघड व्हईल." मी म्हणायची, तुला कसं ठाऊक? तू म्हणायचास, पुढच्या वर्षी बघू. या वर्षी मात्र तू जाणार होतास. होळीनंतर तू स्वतःच म्हणालास, "सुमे, ह्या पुनवेला जाऊन येऊ. तू बी चल." मी एवढी खूश झाले की नवीन चप्पल घेऊन ठेवली. आणि वैशाखात एका सकाळी चहा घेतलास, "जरा पडतो" म्हणालास, आणि संपलं. ती चप्पल खोक्यातच राहिली. मला तुझा राग येतो दादा. रडून झालं की राग येतो आणि राग ओसरला की परत रडू येतं, असं चाललंय.

हिराजीला मी सांगितलं की तू मासा सोडला होतास. तो पिशवीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, पन आमी तर त्याचा नाव घेतल्याबिगर समुद्रात जात नाय." मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो तसं बोलतोय. पण त्यानं सांगितलं ते असं. तू राजीनामा देऊन बंदर सोडलंस त्यानंतरच्या नारळी पौर्णिमेला परत बैठक झाली. त्यात ठरलं, दहा वाव पाणी ओहोटीचं. परशानंच आधी हात ठेवला. तेव्हापासून दरवर्षी तोच शब्द. थोडेफार चोरून आत येतात, भांडणं होतात, सगळं सुरळीत आहे असं नाही. पण त्या हद्दीला सगळे सेक्रेटरीची वाव म्हणतात. ट्रॉलरवरचा खलाशी शिसं टाकतो, आकडा सांगतो आणि तांडेल ओरडतो, "सेक्रेटरीची वाव आली, फिरव." लहान पोरांना तर सेक्रेटरी कोण हेही ठाऊक नाही.

आई हे ऐकून म्हणाली, "त्येला हे कळवायचं व्हतं की रं." हिराजी म्हणाला, "म्हनून तर बोलवत व्हतो, आये. असा कागदावर लिवून काय कलनार? त्याला होडीत बसवून दाखवाचा व्हता." आईनं सुकट निवडायला घेतली, भाजली, कांदा घालून केली, आणि आम्ही तिघं जेवलो. तुझ्यासाठी जलदान झालं होतं, तरी आईनं एक घास बाजूला काढून ठेवला. तिला कोण काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी हिराजी म्हणाला, त्याचा पानी मना दाखव. म्हणून त्याला सकाळच्या एस.टी.नं धरणावर घेऊन गेले. पाणी खूप उतरलेलं होतं. काठाला लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि आजोबांच्या वेळचे बांध दिसत होते. वडील होडी लावायचे त्या खडकावर आम्ही बसलो. मी त्याला तुझा दोर, दगड, माझे तोकडे हात, सगळं सांगितलं. तो हसला. मग बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मला वाटलं, तुझी आठवण काढतोय. ऊन चढायला लागलं तशी मी म्हटलं, निघू या का? तर म्हणाला, "थांब ताई, पानी फिरू दे जरासा."

मला आधी कळलंच नाही. तो भरतीची वाट बघत होता. जन्मभराची सवय. पाणी एवढं खाली गेलेलं दिसलं म्हणजे आता वळेल, असं तो धरून चालला होता.

मी म्हटलं, "हे नाही फिरत, हिराजीभाऊ. हे पावसात भरतं आणि उन्हाळ्यात उतरतं. वर्षातून एकदा. बाकी असंच."

"रोजची भरती-सुकती नाय?"

"नाही."

"दहा म्हनला का दहाच?"

"दहाच."

त्यानं डोक्याचा रुमाल काढला आणि मांडीवर ठेवला. दोन्ही हात पसरले, असे खांद्यातून पूर्ण, पाण्याच्या दिशेनं, जसा तू पसरायचास. मग हळूच खाली घेतले.

"मी एवढी वरसं इचार करत व्हतो," तो म्हणाला. "एवढा हुशार मानूस, दोनदा इचारल्याबिगर बोलाचा नाय, आन् ह्यो इसरला कसा. माफ तर त्याला तवाच केला व्हता. पन समजला नव्हता मना. आज समजला. ताई, ह्यो इसरला नाय. ह्याच्या पान्याला दुसरा आकडाच नव्हता. आमच्या पान्याला दोन हायेत, ते आमी सांगाचा व्हता. आमी शंभर मानसा बसलो व्हतो त्या शेडमंदी. सगली समुद्राची. एकानंबी तोंड उघडला नाय."

मी तुला विचारलं होतं ना दादा, कसं झालं म्हणून. आणि तू उठून गेलास. तुलाही ठाऊक नसणार. आपण दोघं ज्या पाण्यावर वाढलो ते आपल्याला दिसायचंच बंद झालं होतं. ते दिसायला डोंगराखालचा एक तांडेल इथं येऊन बसावा लागला, आणि तो तू गेल्यावर आला.

त्याला मी पौडच्या स्टँडवर गाडीत बसवलं. खिडकीतून म्हणाला, पुनवेला ये, आयेला घेऊन ये. मी हो म्हटलं. खोक्यातली चप्पल काढून ठेवली आहे. होडीत बसवून तो मला सेक्रेटरीची वाव दाखवणार आहे. तिथं मी शिसं माझ्या हातानं सोडणार आणि माझ्या तोकड्या हातांनी मोजणार. जास्त भरलं तर या वेळी मला कुणी ओरडणार नाही.